इंजेक्टर घरी बदलता येतील, पण आधी इंजेक्टरच बिघडलाय का ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस घेतली आहे, २००६चं मॉडेल, १.८ टर्बो. सकाळी पहिल्या स्टार्टला मिसिंग होतं. उन्हातून आल्यावर गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी राहिली की सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. बॉनेटपाशी पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेज पडलाय. स्कॅनरवर पी०३०३ कोड आला. ओळखीतल्या एकाने सांगितलं, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) गेले, आणि बदलतोच आहेस तर मोठे टाक, पॉवरही वाढेल. तुम्ही चारचा सेट बघून ठेवलाय आणि विचारताय की सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलू का.

बदलू शकता. या इंजिनात ते काम अवघड नाही. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेत, बिघाड काय आहे आणि मोठे इंजेक्टर टाकावेत का. ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. इंजेक्टर काढून बसवणं एका सकाळचं काम आहे. वेळ आणि पैसा खरा जातो तो चुकीचा पार्ट बदलण्यात.

सगळ्यात आधी वास. बॉनेटखाली कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर तो कुठून येतो ते सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. बॅटरीवरची टॉर्च घ्या, इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा म्हणजे पंप लाइन भरेल, आणि रेलवर (चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी आडवी नळी), नळ्यांच्या जोडांवर, इंजेक्टरच्या वरच्या टोकाला ओल दिसते का बघा. ओल पटकन उडून जाते, पण जिथे रोज थोडं थोडं पाझरतं तिथली धूळ धुतली जाऊन ॲल्युमिनियम लख्ख दिसतं किंवा तांबूस थर बसलेला असतो. आपल्या गावच्या धुळीचा एवढा तरी उपयोग आहे, गळती लपत नाही.

आता पी०३०३. हा कोड एवढंच सांगतो की तिसरा सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. का मारतोय ते सांगत नाही. या १.८ टर्बोत मिसिंगचं पहिलं कारण बहुतेक वेळा कॉइल असते. प्रत्येक प्लगवर ठिणगीचा करंट देणारी स्वतंत्र कॉइल आहे आणि ते या इंजिनाचं जुनं दुखणं आहे. तपासायला एक रुपया लागत नाही. टायमिंग बेल्टच्या बाजूने मोजून तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर टाका, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पुसा, गाडी फिरवा. आता पी०३०२ आला तर कॉइल गेली, विषय संपला. कोड तिथेच राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही तिसऱ्यावरच राहिला तर कॉम्प्रेशन बघा, कारण वीस वर्षांच्या गाडीत व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर सोन्याचा इंजेक्टर टाकून उपयोग नाही. एवढं झाल्यावर मग इंजेक्टरवर संशय घ्यायचा.

स्टार्ट नीट न होण्याची गोष्ट वेगळी. बार्शीकडचा एक पोरगा अशीच गाडी टोइंग करून घेऊन आला होता. चारही इंजेक्टर नवे, पंप नवा, फिल्टर नवा. मी स्कॅनर लावला तर रात्रभर उभ्या गाडीचं कूलंट टेम्परेचर भलतंच गरम दाखवत होतं. इंजिन थंडगार आहे आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतंय की ते तापलेलं आहे, मग तो थंड इंजिनला लागतं तेवढं पेट्रोल देणारच नाही. शंभर रुपयांच्या नोटा मोजून देता येतील एवढ्या किमतीचा सेन्सर बदलला आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. म्हणून सांगतो, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी बघा, कूलंट आणि आत येणारी हवा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे पाहिजेत. डिसेंबरात पंधरा-सोळा, मे महिन्यात तीसच्या आसपास. मोठा फरक दिसला तर आधी सेन्सर.

दुसरा सोंगाड्या म्हणजे फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, पेट्रोलचं प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग. तो काही गाड्यांत रेलच्या टोकाला असतो, काहींत फिल्टरजवळ. रेलवर असेल तर त्याला एक बारीक व्हॅक्यूमची नळी जोडलेली दिसेल. ती ओढून काढा आणि हुंगा. आत पेट्रोलचा थेंब किंवा ओल दिसली तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, आणि पेट्रोल त्या नळीतून सरळ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या भागात, जातंय. वास, कमी ॲव्हरेज, गरम असताना लांब सेल्फ, तुमच्या तक्रारींपैकी तीन एवढ्या एका पडद्याने होऊ शकतात. या गाडीत हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सरही म्हातारा होतो आणि मॅनिफोल्डखालच्या ब्रीदरच्या रबरी नळ्या तडकतात. तेही नजरेखालून घाला.

इंजेक्टर खरंच गळतोय का हे प्रेशर गेजने कळतं. या गाडीत रेलमधलं प्रेशर साधारण तीन बारचं. गेज लावा, इंजिन थोडं चालवा, बंद करा आणि घड्याळ बघा. दहा मिनिटांनी काटा दोन बारच्या खाली गेला तर कुठेतरी गळती आहे, पंपाच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून मागे किंवा इंजेक्टरच्या तोंडातून पुढे. कोणती, ते ठरवायला गाडी बंद केल्यावर लगेच टाकीकडून येणारी नळी रबरी भागावर चिमट्याने दाबून बघतात. रिटर्नची नळी असेल तर तीही दाबायची. दोन्ही दाबूनही प्रेशर उतरतंय म्हणजे इंजेक्टर. नळी जुनी कडक झाली असेल तर मात्र दाबू नका, तडकेल. आधी नळी बदला.

इंजेक्टरचे आणखी दोन साधे तपास आहेत. मल्टीमीटरने दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. या जातीच्या इंजेक्टरचा थंड असताना बारा ते सोळा-सतरा ओहम येतो, चारही जवळजवळ सारखे पाहिजेत. आणि इंजिन चालू असताना लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐका. टिक-टिक चारहीकडे सारखी हवी. एकाचा आवाज दबलेला असेल तर तो चिकटलाय. पंखा आणि बेल्टपासून मान, केस, गळ्यातलं लांब ठेवा, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

समजा एवढं करून इंजेक्टरच दोषी ठरले. तरी लगेच नवे घेऊ नका. काढलेले चार इंजेक्टर आधी अल्ट्रासॉनिक मशीनवर साफ करून घ्या आणि फ्लो टेस्ट करून घ्या. पूर्वी यासाठी पुण्याला पाठवावे लागायचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, दुचाक्यासुद्धा फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या, आणि ही मशिनं टू-व्हीलरच्या गॅरेजमध्येही आली. सोलापुरात चौकशी केलीत तर सापडेल. पण उभं राहून करून घ्या. काचेच्या नळ्यांमध्ये चारही इंजेक्टर एका वेळी फवारतात, त्यात तीन गोष्टी बघायच्या. पहिली, ठरावीक वेळात जमलेलं माप. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांच्यात दोन-तीन टक्के फरक चालतो, पाचच्या पुढे गेला तर तो सेट टर्बो गाडीत मी बसवत नाही. दुसरी, फवारा. तो बारीक धुक्यासारखा पाहिजे, सरळ पिचकारी किंवा एका बाजूला झुकलेली धार नको. तिसरी गोष्ट लोक विसरतात, प्रेशर चालू ठेवून इंजेक्टर बंद ठेवायचे आणि टोकाकडे मिनिटभर बघत राहायचं. थेंब फुगून पडत असेल तर तो इंजेक्टर साफ होऊनही गळका आहे. टोक ओलसर होणं वेगळं, थेंब पडणं वेगळं. साफ केल्यावर आतली बारीक जाळी आणि दोन्ही ओ-रिंगा (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) नव्या टाकून घ्या. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच भागतं.

इथे इथेनॉलबद्दल बोलावं लागेल, कारण आपल्याकडे पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने ढिगाने, बरेच जण इथेनॉल काढतात, त्यामुळे शिव्या घालायला तरी परक्याचं नाव घेता येत नाही. तुमची गाडी या मिश्रणाचा विचार न करता बनलेली आहे. इथेनॉल जुना साचलेला राळेसारखा थर सोडवतं, तो थर पुढे फिल्टरमध्ये आणि इंजेक्टरच्या जाळीत येऊन बसतो. पाणीही ओढतं, त्यामुळे महिना-महिना उभ्या गाडीला त्रास जास्त. आणि साधं नायट्राइल रबर फुगतं किंवा कडक होतं. म्हणून ओ-रिंगा व्हायटॉनच्याच घ्या. हिरवी म्हणजे व्हायटॉन असं दुकानदार सांगतात, रंगावर जाऊ नका, पाकिटावर मटेरियल लिहिलेलं असेल तेच घ्या. इंजेक्टरला हात लावताय तर फ्युएल फिल्टर त्याच दिवशी बदला, नाहीतर साफ केलेल्या इंजेक्टरमध्ये जुना कचरा परत जाईल.

आता मोठ्या इंजेक्टरचा मोह. इंजेक्टर पॉवर देत नाही. हवा जास्त आली तर त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल पोचवणं एवढंच त्याचं काम. तुमचा टर्बो, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि मॅप (पेट्रोल किती द्यायचं त्याचा ईसीयूमधला तक्ता) कंपनीचाच असेल तर कंपनीचा इंजेक्टर पुरून उरतो. हिशोब करून दाखवतो, कारण हा हिशोब आला की कोणी फसवू शकत नाही.

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण दाबल्यावर दर किलोवॅटला तासाला साधारण ३३० ग्रॅम पेट्रोल पितं असं धरू. तुमची गाडी १५० अश्वशक्तीची, म्हणजे ११० किलोवॅट. गुणाकार ३६,३०० ग्रॅम तासाला, म्हणजे मिनिटाला ६०५ ग्रॅम. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, एक सीसी म्हणजे ०.७४ ग्रॅम, तेव्हा मिनिटाला साधारण ८१८ सीसी. चार इंजेक्टर, प्रत्येकी २०५. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ऐंशी टक्क्यांवर थांबायचं, म्हणून २०५ भागिले ०.८, प्रत्येकी सुमारे २५५ सीसी. इथेनॉलसाठी यात सात-आठ टक्के वाढवा, कारण साध्या पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते तर वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. २७५ धरा. कंपनीच्या मूळ इंजेक्टरमध्ये एवढी ऐपत आहे.

उद्या तुम्ही रिमॅप करून, मोठा इंटरकूलर लावून २२० अश्वशक्तीला गेलात तर हाच हिशोब ३७५च्या आसपास येतो, इथेनॉल धरून चारशे. तेव्हा मोठे इंजेक्टर लागतील, आणि तेव्हाही ट्यूनरला विचारूनच, कारण त्याच्या मॅपमध्ये ज्या मापाचे इंजेक्टर भरलेत तेच बसले पाहिजेत. खरेदी करताना माप कोणत्या प्रेशरला दिलंय ते विचारा. तीन बारला ३१५ सीसीचा इंजेक्टर चार बारला ३६५च्या आसपास देतो. प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात फ्लो वाढतो. विकणारे मोठा आकडा सांगतात आणि प्रेशर सांगत नाहीत.

मॅप न बदलता मोठे टाकले तर काय होतं? ईसीयूला वाटतं जुनेच आहेत, तो तेवढाच वेळ उघडतो, पेट्रोल जास्त पडतं. आयडलला आणि हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून तो कमी करत जातो, पण त्यालाही मर्यादा आहे. आणि फुल थ्रॉटलला या पिढीच्या गाडीत ती दुरुस्ती नीट पोचतच नाही. प्लग काळे, ऑइलमध्ये पेट्रोल, शेवटी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून वितळतो. पॉवर वाढली नाही ती नाहीच.

खोट्या मालाबद्दल दोन शब्द. चार इंजेक्टरचा सेट एका खऱ्या इंजेक्टरच्या किमतीत मिळत असेल तर तो काय आहे ते तुम्हीच ओळखा. पार्ट नंबर आपल्या जुन्या इंजेक्टरवरून वाचून जुळवा, गाडीच्या नावावरून नव्हे. आणि नवे आले तरी बसवायच्या आधी ओहम मोजा आणि फ्लो टेस्ट करा. नवा सेटही मशीनवर चढवूनच बसवायचा अशी माझ्याकडे पद्धत आहे. दोनशे-चारशे रुपये जास्त जातात, पण परत उघडावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम, आणि जागेपासून सुरुवात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवर पसरते आणि खोलगट जागी साचते. बेसमेंटमध्ये हे काम अजिबात नको. स्टिल्ट पार्किंग चारी बाजूंनी उघडं असेल तर चालेल, पण मीटरची खोली आणि पाण्याची मोटर कुठे आहे ते बघा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि आलं की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, स्विचमध्ये ठिणगी पडते. तेव्हा पाणी यायच्या दिवशी काम काढूच नका. खालच्या मजल्यावर कोणाचा गॅस गिझर असेल तर त्यांनाही सांगून ठेवा. काम भल्या सकाळी करा. उन्हाळ्यात नऊ वाजले की फरशी तापते आणि सांडलेलं पेट्रोल दिसायच्या आत उडून वाफ होतं. थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, सगळ्यात बरं. ड्राय पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीला उपयोगाची नाही. आणि एकटे काम करू नका.

प्रेशर असं उतरवायचं. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता बघून फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करा, ते पेट्रोल संपून आपोआप बंद पडेल. आणखी दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. टाकीचं झाकण उघडून परत लावा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. रेडिओचा कोड जवळ आहे का ते आधी बघा, सेकंडहँड गाडीत तो हरवलेला असतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. टर्बो फायरवॉलच्या बाजूला आहे, इंजेक्टर पुढच्या बाजूला, तरी गरम इंजिनवर पेट्रोल उघडायचं नाही.

रेल उघडण्यापूर्वी हवा मारा. इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये जिथे बसतात तिथे गोल खाचेत वीस वर्षांची माती आणि ऑइल मिसळून चिखल झालेला असतो. इंजेक्टर वर आला की तो चिखल सरळ इनटेक पोर्टमध्ये पडतो, तिथून व्हॉल्व्हवर. ब्रशने सैल करा, हवेने उडवा, परत ब्रश, परत हवा. आणि पुसायला टॉवेल वापरू नका. सोलापुरी टॉवेल जगात कुठेही न्या, इंजेक्टरजवळ आणू नका, त्याच्या लवेचा एक धागा जाळीत अडकला तरी पुरे. बनियनच्या जुन्या सुती कापडाला लव कमी असते, किंवा सरळ लव न सुटणारे वाइप्स घ्या.

पुढचं सरळ आहे. कपलर काढताना क्लिप पूर्ण दाबल्याशिवाय ओढू नका, उष्णतेने प्लॅस्टिक खडखडीत झालेलं असतं. काही कपलरला तारेची क्लिप असते, ती काढताना उडते, वर बोट ठेवा. प्रत्येकावर टेप लावून नंबर टाका. पेट्रोलची नळी काढताना जोडाभोवती कापड गुंडाळा, उतरवलेलं प्रेशर पूर्ण उतरलेलं नसतं. रेलचे दोन बोल्ट काढा आणि रेल इंजेक्टरसकट एकदम वर उचला, दोन्ही टोकांना सारखं, डोलवत डोलवत. अडकलेला इंजेक्टर हाताने डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. पेचकस घालून उचकटला तर मॅनिफोल्डमधली बसायची जागा ओरखडते आणि मग तिथून आयुष्यभर हवा ओढत राहतो. उघडी पडलेली चार भोकं लगेच टेपने बंद करा. खालची ओ-रिंग भोकातच राहिली असेल तर ती काढायला विसरू नका, तिच्यावर नवी बसवली तर इंजेक्टर वाकडा बसतो.

बसवताना ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा. सिलिकॉनचं ग्रीस किंवा स्प्रे नको, सिलिकॉनने ऑक्सिजन सेन्सर मरतो. इंजेक्टर आधी रेलमध्ये सरळ दाबून बसवा, क्लिप लावा, मग चारही एकदम मॅनिफोल्डवर टेकवून दोन्ही हातांनी रेल समान दाबा. आत जाताना एक मऊ झटका जाणवतो. तो चारही ठिकाणी जाणवला पाहिजे. जोर लावून, बोल्टने ओढून बसवायला गेलात तर ओ-रिंग कडेला चिमटते आणि तिचा चंद्रकोरीसारखा तुकडा कापला जातो. बाहेरून काही दिसत नाही, गळायला मात्र लागतं. सगळं बसल्यावर इंजेक्टर बोटाने आपल्या जागी थोडा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर ओ-रिंग चिमटली आहे, परत काढा. रेलच्या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर पुरे, ॲल्युमिनियममध्ये आटे आहेत, लांब पान्याने आवळू नका.

आता जे टाळलं जातं आणि टाळायचं नाही ते. इंजिन सुरू करण्याआधी गळती तपासायची. फ्यूज लावा, बॅटरी लावा, चावी ऑन करा, पंपाचा आवाज थांबला की बंद करा. असं तीन-चार वेळा. मग कोरडा टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक इंजेक्टरच्या वर, खाली आणि नळीच्या प्रत्येक जोडावर टेकवा. पाच मिनिटं थांबून परत टेकवा. टिश्यूवर डाग आला तर तिथेच थांबा, इंजिन सुरू करू नका, कितीही छोटा डाग असो. चालू इंजिनवर तो डाग धारेत बदलतो आणि मागेच लालबुंद टर्बो आहे.

कोरडं असेल तर इंजिन सुरू करायच्या आधी चावी ऑन करून एक-दोन मिनिटं तशीच ठेवा, बॅटरी काढल्यामुळे थ्रॉटल बॉडीला आपली जागा परत शिकायची असते. मग सुरू करा. पहिले काही सेकंद खडखडेल, लाइनमध्ये हवा आहे. एक्सिलरेटर दाबू नका. दोन मिनिटं आयडल, बंद, परत टिश्यू.

यानंतर चाळीस-पन्नास किलोमीटर चालवा, तुळजापूर रोडला जाऊन या, थोडं शहरात, थोडं हायवेवर. मग स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. फोक्सवॅगन-स्कोडाचं सॉफ्टवेअर असेल तर मेजरिंग ब्लॉक ०३२, पहिला आकडा आयडलचा, दुसरा चालवतानाचा. दोन्ही अधिक-उणे पाच टक्क्यांत असतील तर उत्तम, दहाच्या आत चालून जाईल. आयडलला जास्त अधिक आणि हायवेला ठीक असेल तर कुठेतरी हवा ओढतोय, बहुधा इंजेक्टरची खालची ओ-रिंग. दोन्हीकडे बराच उणे असेल तर पेट्रोल जास्त जातंय, रेग्युलेटर परत बघा. डिपस्टिक हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर ऑइल आणि फिल्टर त्याच आठवड्यात बदला, पातळ झालेल्या ऑइलवर टर्बोचे बेअरिंग टिकत नाहीत.

वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं तुमच्या गाडीसाठी आहे, जिथे इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये, तीन बारवर काम करतो. पोलो जीटी टीएसआय, नंतरच्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय किंवा नवीन आरएस यांचे इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारतात आणि तिथलं प्रेशर दीडशे-दोनशे बारचं असतं. त्या प्रेशरची बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण पेट्रोल आत पसरतं आणि बोट गमवायची वेळ येते, तेव्हा थेट हॉस्पिटल. त्यांच्या टोकाला टेफ्लॉनची सील असते, ती ताणून चढवायला आणि परत मापात आणायला खास टूल लागतं, काढायला पुलर लागतो. ते काम पार्किंगमधलं नाही. डिझेल कॉमन रेल तर त्याहून पुढचं, हजार बारच्या वर, आणि बऱ्याच गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो.

तुम्ही आधी कॉइलची अदलाबदल करून बघा, सकाळचं कूलंट टेम्परेचर बघा, रेग्युलेटरची नळी हुंगा. गेज मिळालं तर दहा मिनिटांनंतरचं प्रेशर. ही चार उत्तरं आणि बॉनेटखालच्या ओल्या जागेचा फोटो टाका, मग इंजेक्टर घ्यायचे की नाही ते सांगतो. आणि बदललेच तर जुने चार टाकू नका. फ्लो टेस्टमध्ये जे पास झाले ते नंबर लिहून, तोंडाला टोपी लावून डब्यात ठेवा. या गाडीचे मूळ पार्ट आता सहज मिळत नाहीत.